दोष हाताचा की जोडाचा?

आपण प्रवासी मंडळी रेल्वेच्या अख्ख्या डब्यालाच 'बोगी' म्हणतो. रेल्वेत नोकरी केलेल्या माणसासमोर असं म्हणून बघा! माझे अब्बा सत्तरी ओलांडून गेले, तरी अजून चूक दुरुस्त करतात. बोगी म्हणजे डबा नव्हे. डब्याच्या पोटाखाली दोन्ही टोकांना चाकांची जी चौकट असते ती बोगी. एका चौकटीत दोन आस आणि चार चाकं. डबा तिच्यावर टेकलेला असतो आणि ती मधल्या खुंटीभोवती वळते, म्हणून एवढा लांब डबा वळणावरून जातो. अमेरिकेत याच चौकटीला 'ट्रक' म्हणतात. हे मला या वर्षी कळलं, आणि तेही एका खेळण्यामुळं.

खेळणं म्हणावं की नाही, हाही प्रश्नच आहे. माझा मामेभाऊ शिकागोजवळ राहतो. त्याच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांना मॉडेल रेल्वेचा नाद होता. मोठं घर सोडून छोट्या घरात जाताना त्यांनी एक खोकं माझ्या भावाला दिलं. भावाने ते आमच्या घरी आणलं, माझ्या मुलासाठी. आत एक छोटं इंजिन, थोडे रूळ आणि मालगाडीचे अकरा वॅगन. बंद वॅगन, कोळशाचे हॉपर, एक टँकर, दोन उघडे सपाट वॅगन. सगळे एच-ओ प्रमाणातले, म्हणजे खऱ्याच्या ८७ व्या हिश्श्याचे. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. अमेरिकेतला ४० फुटी बंद वॅगन या प्रमाणात १४ सेंटिमीटरचा होतो. तळहातावर मावतो, पण बाजूची शिडी, दाराची कडी, ब्रेकचं चाक, सगळं जागच्या जागी.

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे. शाळेची सहल घेऊन मी तिथं गेले होते. ते बघून मुलं घरी येतात तेव्हा त्यांना वाटतं, रूळ जोडले, बटण दाबलं की गाडी धावली. आमची धावली नाही. प्लायवूडच्या फळीवर रूळ मांडले, इंजिनाला अकरा वॅगन जोडले. सरळ जाताना ठीक, वळणावर एखादा खाली उतरायचा, आणि गाडी मागं ढकलायला लागलं की मधले दोनतीन हमखास आडवे. मुलगा चार दिवसांत कंटाळला. त्याने दोन वॅगनना नावंच ठेवली, 'हा वाईट' आणि 'हा लई वाईट'.

अब्बा खाटेवर बसून हे बघत होते. अम्मी गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. ते खाली उतरले, 'लई वाईट' वॅगन उचलला, उलटा केला, डोळ्यांजवळ नेला आणि एवढंच म्हणाले, "डब्बा काय कू वाईट? नीचे देख ना."

अब्बांनी एका मोठ्या जंक्शनच्या यार्डात सांधेवाला म्हणून उमेदवारी सुरू केली आणि शंटिंगच्या कामातच निवृत्त झाले. माल घेऊन येणाऱ्या गाड्या तोडायच्या, वॅगन वेगळे करायचे, नव्या गाड्या जोडायच्या. पण त्या कामाबद्दल ते घरात कधी फार बोलत नसत. त्या दिवसापासून रमजानभर असरची नमाज झाली की आम्ही दोघं फळीशेजारी चटई टाकून बसायला लागलो. रोज्याचा शेवटचा दीड तास असा निघून जायचा की अजान ऐकू आल्यावरच हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडायचा.

या छंदातल्या अमेरिकन मंडळींनी आपले नियम खूप आधीच बांधून घेतले आहेत. तिथं नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन नावाची संस्था १९३५ मध्ये मिलवॉकीला स्थापन झाली. कारण साधं होतं. एका कारखान्याची चाकं दुसऱ्याच्या रुळांवर चालेनात, एकाचा वॅगन दुसऱ्याच्या वॅगनला जोडेना. मग चाकाची कड किती उंच, दोन चाकांमधलं अंतर किती, वॅगनचं वजन किती, कपलर रुळापासून किती उंचीवर, हे सगळं लिहून ठरवलं गेलं. ही मापं तपासायला पत्र्याची एक छोटी गेज मिळते. ती माझ्या भावाने नंतर एका येणाऱ्याबरोबर धाडली, सोबत धातूची चाकं आणि कपलरची पाकिटं.

अब्बांना ती गेज फार आवडली. त्यांच्या मते सगळ्या रेल्वेचा जीव तेवढ्या पत्र्यात आहे.

चाकांपासून सुरुवात केली. जुन्या वॅगनची चाकं प्लास्टिकची असतात. प्लास्टिकवर रुळाची धूळ आणि काळा मळ पटकन चिकटतो, त्याचा थर बसतो आणि चाक गोल राहत नाही. धातूचं चाक स्वच्छ राहतं, जड असल्यामुळं वॅगनचं वजनही खाली आणतं. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये सुमारे साडेचौदा मिलिमीटर अंतर हवं. ते कमी असेल तर चाक सांध्यावर चढतं, जास्त असेल तर रुळाला घासतं. चाक बोटांत धरून हलकेच पिळलं की आसावर थोडं सरकतं. लावायचं, गेजवर धरायचं, पुन्हा पिळायचं.

आसाची टोकं सुईसारखी असतात आणि बोगीच्या दोन्ही बाजूंना आतून शंकूच्या आकाराचे खळगे असतात. सुईचं टोक खळग्यात टेकलं की घर्षण जवळजवळ उरत नाही. पण सगळ्या कंपन्यांच्या आसांची लांबी सारखी नसते. आस थोडा लांब झाला की बोगीच्या बाजू फाकतात आणि चाक अडकतं. आखूड झाला की चाक डुगडुगतं. म्हणून चाकं बदलल्यावर बोगी हातात घेऊन फुंकर मारायची. चाक फिरत राहिलं आणि हळूहळू, पुढंमागं होत थांबलं तर जमलं. झटक्यात थांबलं तर कुठंतरी अडतंय. अकरा वॅगन, प्रत्येकी दोन बोगी, बोगीत दोन आस. चव्वेचाळीस आसांवर फुंकर मारून झाली. रोज्याच्या कोरड्या तोंडाने फुंकर मारणं सोपं नाही, हे जाता जाता सांगते.

खऱ्या अमेरिकन वॅगनमध्ये ७० टनी वॅगनला ३३ इंची चाक असतं आणि १०० टनीला ३६ इंची. मॉडेलमध्येही तसंच लावतात. फरक एक मिलिमीटरचाही नाही, पण तेवढ्याने वॅगनची उंची बदलते आणि कपलर वरखाली होतो.

दोन बोगी वॅगनला कशा आवळायच्या, हे मला सगळ्यात सुंदर वाटलं. एका टोकाच्या बोगीचा स्क्रू असा आवळायचा की ती वळेल पण आडवी डुलणार नाही. दुसऱ्या टोकाचा जरा ढिला, म्हणजे ती वळेलही आणि डुलेलही. दोन्ही घट्ट केल्या तर रूळ जरासा वरखाली असला की एक चाक हवेत राहतं आणि वॅगन उतरतो. दोन्ही ढिल्या ठेवल्या तर वॅगन दारूड्यासारखा झुलतो. एक बाजू धरलेली आणि एक मोकळी असली की तीन पायांच्या स्टुलासारखं होतं. तीन पायांचं स्टूल कुठल्याही फरशीवर डगमगत नाही.

मग वजन. संस्थेचा नियम असा की एच-ओ वॅगनला मुळात एक औंस, आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. म्हणजे सहा इंची वॅगन चार औंसांचा, सुमारे ११३ ग्रॅमचा हवा. मोहल्ल्यातल्या सोनारांच्या काट्यावर आम्ही सगळे वॅगन तोलले. सोनारभाऊ हसले, पण तोलून दिले. 'लई वाईट' वॅगन ७० ग्रॅमचा निघाला. बिचारा रिकाम्या पोटी धावत होता! त्याच्या पोटात लोखंडी नट चिकटवले, अगदी तळाशी, मधोमध न ठेवता दोन्ही बोगींच्या वर सारखे वाटून.

वजन वाटून घेण्यावरून अब्बांनी बार्शी लाइटची गोष्ट काढली. आमच्या सोलापूर भागातल्या जुन्या माणसांच्या आठवणीत ती छोटी गाडी अजून आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती बांधली, १८९७ मध्ये सुरू झाली, रुळांमधलं अंतर अडीच फूट. त्या माणसाचा आग्रह असा की इंजिन असो वा वॅगन, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. त्यामुळं हलक्या रुळांवरूनही मोठा माल जायचा. भार कमी करायचा नाही, वाटायचा. आमचे अब्बा सातवी पास, पण मी बीएडला जे मानसशास्त्र शिकले त्यातलं बरंचसं त्यांना यार्डात कळलेलं होतं असं मला वाटू लागलं.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्याकडं दर वर्षी काही मुलं अशी येतात ज्यांच्या कपाळावर 'मराठी कच्चं' असा शिक्का आधीच बसलेला असतो. गेल्या वर्षी आठवीत एक मुलगा होता. 'शब्द' लिहायला सांगितलं तर 'शबद' लिहायचा, 'फळ' वाचताना 'फल' म्हणायचा, वेलांट्या तर जणू त्याच्या लेखी नव्हत्याच. त्याला आळशी म्हणत. पण उर्दू लिपी खालून उलटी करून बघितली की सगळं दिसतं. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत, वाचणाऱ्याने ते समजून घ्यायचे असतात. 'ळ' हे अक्षर उर्दूत नाही. आणि मराठीसारखं जोडाक्षर उर्दूत नसतं. त्या मुलाच्या कानात 'शब्द' बरोबर होता, हात त्याच्या सवयीच्या लिपीप्रमाणं चालत होता. म्हणजे मुलगा वाईट नव्हता. दोन लिपींचा जोड जिथं बसतो तिथं माप जुळत नव्हतं. आम्ही तीन महिने जोडाक्षरांवरच काम केलं, 'ब'ची काठी काढायची, उरलेला 'ब्' 'द'ला कसा टेकवायचा, हे मातीत बोटाने. आता तो नववीत आहे आणि मराठीत निबंध लिहितो. वेलांट्या अजून कधीकधी पळून जातात, पण पूर्वीइतक्या नाहीत.

हे सगळं माझ्या डोक्यात चालू असतानाच आम्ही कपलरपाशी आलो, आणि गोष्ट खेळण्याची राहिली नाही.

आमच्या वॅगनना आधी जे कपलर होते ते शिंगासारख्या आकड्याचे. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून स्वस्त सेटमध्ये हेच येत. ओढताना ते धरून राहतात, पण ढकलताना एकमेकांना बाजूला रेटतात. त्यात आमचे काही कपलर वॅगनला नव्हे तर बोगीलाच बसवलेले होते. म्हणजे मागून ढकललं की सगळा जोर बोगीवर, बोगी तिरकी, चाक रुळावरून खाली. मुलाने ज्यांना वाईट ठरवलं होतं ते सगळे या जातीचे. उपाय असा की बोगीवरचा कपलर कापून टाकायचा आणि नवा कपलर छोट्या पेटीत घालून वॅगनच्या अंगाला, तळाला बसवायचा. म्हणजे ढकलण्याचा जोर वॅगनच्या अंगातून जातो आणि बोगी आपली वळायला मोकळी राहते.

नवे कपलर केडी कंपनीचे. ओरेगॉनमधल्या कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांनी ती काढली, त्यांच्या नावांची पहिली अक्षरं के आणि डी, म्हणून केडी. हा कपलर अर्धवट मिटलेल्या मुठीसारखा दिसतो. दोन वॅगन हलकेच एकमेकांवर टेकवले की मुठी एकमेकींत सरकतात आणि बंद होतात. रुळांच्या मध्ये चुंबक ठेवला असेल तर खालच्या लोखंडी तारा ओढल्या जाऊन त्या उघडतातही. गाडी जोडायला किंवा तोडायला हात लावावाच लागत नाही. कपलरचा मध्य रुळापासून सुमारे १० मिलिमीटर उंचीवर हवा. खाली आला तर बोगी आणि वॅगनच्या मध्ये कागदासारखी पातळ चकती घालायची. त्यात तेल घालायचं नाही, धूळ धरतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड चालते, आणि शिक्षकाच्या घरात पेन्सिलींना काय तोटा! मुठीतली स्प्रिंग मात्र तिळाएवढी. चिमट्यातून सुटली की गेली. आमच्या चटईत अशा दोन स्प्रिंगा अजून कुठंतरी आहेत.

पहिले दोन वॅगन तयार झाले. मी एक रुळावर ठेवला आणि दुसरा बोटाने हळूच लोटला. 'टिक' असा आवाज आला आणि जोडले गेले. अब्बांनी ते पुन्हा तोडले, पुन्हा लोटले. पाचसहा वेळा. मग म्हणाले, "बीच में आदमी नै."

मध्ये माणूस नाही.

ही मूठ खेळण्यासाठी शोधलेली नाही. खऱ्या रेल्वेतली ती मूठ एली जॅनी नावाच्या माणसाची. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावात तो दुकानात कारकून होता. १८७३ मध्ये त्याने पेटंट घेतलं. त्याआधी अमेरिकेत वॅगन जोडायला एक कडी आणि एक खिळा असे. एक वॅगन चालत येत असताना ब्रेकमनने दोन वॅगनच्या मध्ये उभं राहून हाताने कडी समोरच्या खाचेत घालायची आणि वरून खिळा टाकायचा. क्षणभर उशीर झाला तर बोटं गेली, पाय घसरला तर माणूस. बोटं तुटलेला ब्रेकमन म्हणजे अनुभवी ब्रेकमन, असं तिथं सरळ समजत.

जॅनीची मूठ आल्यावरही कंपन्यांनी ती लगेच लावली नाही. खर्च होता. आणि अपघात झाला तर कोर्टात सांगायला उत्तर तयार होतं. कामगाराला धोका माहीत होता, तो त्याने स्वतःहून पत्करला. किंवा तो निष्काळजी होता. किंवा त्याच्या सोबत्याची चूक. आयोवातला लॉरेन्झो कॉफिन नावाचा शेतकरी, ज्याने आपल्या डोळ्यांदेखत एका ब्रेकमनची बोटं जाताना पाहिली होती, तो कित्येक वर्षं या एका गोष्टीसाठी दारोदार फिरला. शेवटी २ मार्च १८९३ रोजी अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी कायद्यावर सही केली. गाड्यांना एअर ब्रेक हवेत आणि मध्ये माणूस न जाता जोडले जाणारे कपलर हवेत. मुदत १८९८ ची होती, ती वाढून १९०० झाली. त्या कायद्यातलं आठवं कलम मी दोनदा वाचलं. त्यात म्हटलंय की वॅगनला असा कपलर नसेल आणि कामगाराला इजा झाली, तर धोका त्याने स्वतः पत्करला होता असं मानता येणार नाही, त्याला तो माहीत असला आणि तरी तो कामावर राहिला असला तरीही.

हे मी अब्बांना इफ्तारनंतर वाचून दाखवलं, मराठीत समजावून. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी ती रात्र सांगितली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

आपल्याकडं त्या काळी कितीतरी वॅगनना स्क्रू कपलिंग असायचं. दोन्ही बाजूंना बफर आणि मध्ये आकडा आणि साखळीसारखी जड कडी. जोडणारा माणूस बफरखालून वाकून आत शिरायचा, कडी उचलून समोरच्या आकड्यात अडकवायचा आणि मधला स्क्रू फिरवून ताण आणायचा. १९८० च्या दशकात बॉक्सएन वॅगन आले, त्यांना मधोमध मुठीचा कपलर आणि नव्या बनावटीच्या बोगी. पण जुने वॅगन त्यानंतरही बरीच वर्षं चालले. १९८३ च्या पावसाळ्यात एका रात्री अब्बांचे जोडीदार असे आत होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, ते मला खांद्यावर बसवून उरुसाला न्यायचे म्हणे. पाऊस, एकच कंदील, मागून वॅगन येऊन टेकले. बफरच्या मध्ये चाचा.

चौकशी झाली. कागदावर निष्कर्ष आला तो एका ओळीचा. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळं.

अब्बांनी तो मान्य केला होता, हे मला त्या संध्याकाळी कळलं. 'जल्दी की उसने' असं ते स्वतःशी म्हणत आले होते. त्याला कारणही आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच बफरखालून आत शिरायचं होतं. चूक चाचांची होती असं मानलं तर आपण नीट काम केलं की आपण वाचू, असा धीर राहतो. दोष जोडाचा आहे असं मानलं तर त्या आत पाय कसा टाकणार? अब्बांनी पुढं कित्येक वर्षं पाय टाकला.

"हात उसका नै चुक्या था," अब्बा म्हणाले. "जोडच वैसा था."

मी काही बोलले नाही. माझ्या हातात केडीचा एक कपलर होता, तो मी चटईवर ठेवला.

एक गोष्ट अब्बांनीच सांगितली, ती लिहायला हवी. मुठीचा कपलर आला म्हणून माणूस मध्ये जायचा पूर्ण थांबला असं नाही. ब्रेकचा हवेचा पाइप जोडायला आत जावंच लागतं. फरक एवढाच की तेव्हा वॅगन उभे असतात. चालत्या वॅगनच्या मध्ये कुणाला घालायचं नाही, एवढं तरी त्या मुठीने केलं. यंत्र बदललं म्हणून माणसाची काळजी संपत नाही. पण यंत्रच चुकीचं असेल तर कितीही काळजी पुरत नाही.

ईदच्या तिसऱ्या दिवशी अब्बा म्हणाले, चाचीकडं जाऊन येऊ. चाची आता दुसऱ्या गावी लेकीकडं असतात. अब्बा तिथं लग्नकार्याला गेलेले, पण असे मुद्दाम कधी गेले नव्हते. शीरखुर्मा झाला, नातवंडांची विचारपूस झाली. मग अब्बांनी मान खाली घालून तेच वाक्य चाचींना सांगितलं, आमच्या बोलीत, जसंच्या तसं. हात चुकला नव्हता.

चाची पदर नीट करत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "मेरेकू मालूम था. पन कोई बोल्या नै था."

चाचा गेले तेव्हा त्यांचा थोरला मुलगा नऊ वर्षांचा होता. शाळेत त्याला पोरं चिडवायची की तुझ्या बापाने रेल्वेत चूक केली. हे चाचींच्या लेकीने मला निघताना दारात सांगितलं. तो मुलगा आता पन्नाशीला आलाय, ट्रान्सपोर्टमध्ये आहे. तिने त्याला तिथल्या तिथं फोन लावला आणि अब्बांच्या हातात दिला. अब्बा अंगणात जाऊन बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही.

कागदावरची ती ओळ बदलणार नाही. चाळीस वर्षांपूर्वीची फाईल कुठल्या कपाटात आहे, आहे की नाही, कोण सांगणार. पण एखाद्या माणसाबद्दल किंवा मुलाबद्दल 'हा निष्काळजी', 'हा कच्चा', 'या लोकांचं असंच असतं' असं जेव्हा मी ऐकते, आणि आपल्या समाजाबद्दल ते आपल्याला वरचेवर ऐकावं लागतं, कधी बाहेरून, कधी आपल्याच माणसांकडून, तेव्हा मला आता अब्बांचा पहिला प्रश्न आठवतो. डबा कशाला वाईट? खाली बघ. चाक मापात आहे का, वजन पुरेसं आहे का, एक बाजू जरा मोकळी ठेवली आहे का, आणि जोड असा आहे का की कुणाला त्याच्या मध्ये उभं राहावं लागू नये. एवढं बघून झाल्यावरही दोष उरला तर तो त्याचा म्हणू. माझ्या अनुभवात फार वेळा उरत नाही.

अकरापैकी दहा वॅगन आता नीट चालतात, पुढंही आणि मागंही. 'लई वाईट' त्यातच आहे, इंजिनाच्या लगेच मागं. टँकरच्या बोगीचा स्क्रू गंजून बसलाय, तो निघत नाही. अब्बांनी त्यावर थेंबभर तेल सोडून ठेवलंय आणि घाई करायची नाही असं बजावलंय.